उतारवय आणि दिव्याचा रंग

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. कांदिवली पूर्वेला पोयसर भागात माझा दवाखाना आहे. तेथे गेली अनेक वर्षे नियमित येणारे एक आजोबा, वय ७८, झोपेची तक्रार घेऊन आले. रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही. लागलाच तर दोन-तीनदा लघवीला उठावे लागते आणि मग पहाटेपर्यंत टक्क जागे. मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, प्रोस्टेटची विचारपूस केली, संध्याकाळी चहा किती होतो तेही विचारले आणि दहा दिवसांसाठी झोपेची सौम्य गोळी लिहून दिली. सहाव्या रात्री ते बाथरूमच्या उंबऱ्याशी पडले. उजव्या मनगटाचे हाड मोडले.

प्लॅस्टर झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळचे सात वाजले होते. दार उघडताच डोळे दिपले. वडिलांना नीट दिसावे म्हणून मुलाने मोठ्या मायेने सगळ्या खोल्यांतील दिवे बदलले होते. जुन्या पिवळसर दिव्यांच्या जागी आता लख्ख, निळसर पांढरे एलईडी होते. जेवण, टीव्ही, जप, सारे त्याच उजेडात चाले. रात्री मात्र आजींची झोप मोडू नये म्हणून आजोबा कोणताच दिवा न लावता भिंत चाचपडत बाथरूम गाठत. म्हणजे संध्याकाळी भर दुपारचा उजेड, मध्यरात्री मिट्ट काळोख आणि त्यात माझ्या गोळीची गुंगी.

या अपघाताचे खापर एकट्या दिव्यावर फोडता येणार नाही. माझ्या गोळीचा वाटा त्यात होता, हे मी त्या कुटुंबाला तेव्हाच सांगितले. परंतु ‘घरात दिवे कोणते आहेत?’ हा साधा प्रश्न मी गोळी लिहिण्यापूर्वी विचारला नव्हता, याची रुखरुख लागून राहिली. त्या रुखरुखीपोटी दिव्याच्या रंगाविषयी जे वाचले आणि समजून घेतले, ते आज वाचकांसमोर ठेवत आहे. विषय रसायनशास्त्राचा वाटला, तरी त्याचा शेवट आपल्या शयनगृहातच होतो.

बल्बच्या पोटात काय असते?

घरातील एलईडी टॉर्च बंद असताना जवळून पाहावी. काचेमागे एक पिवळा ठिपका दिसतो. उजेड पांढरा आणि ठिपका पिवळा, हे कसे? एलईडीची मूळ चकती निळा प्रकाश देते. असा निळा एलईडी घडविल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या चकतीवर एका पिवळ्या भुकटीचा थर दिलेला असतो. निळ्या प्रकाशाचा काही भाग थरातून तसाच बाहेर पडतो. उरलेला भाग ती भुकटी शोषून घेते आणि पिवळ्या रंगात परत देते. निळा व पिवळा एकत्र आले की आपल्या डोळ्यांना पांढरा उजेड भासतो.

अशा रीतीने एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या पदार्थाला फॉस्फर म्हणतात. बल्बमधील पिवळ्या फॉस्फरचा सांगाडा यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा असतो. तो स्वतः रंगहीन आहे. त्यातील यिट्रियमच्या शंभर अणूंमागे अगदी थोड्या अणूंच्या जागी सिरियम बसविले की त्याला पिवळे तेज येते. घरभर पसरणाऱ्या उजेडाचा रंग अशा चिमूटभर द्रव्यावर ठरतो.

यिट्रियम आणि सिरियम ही ‘विरल मृदा’ गटातील मूलद्रव्ये होत. वर्तमानपत्रांत हल्ली ‘रेअर अर्थ’ म्हणून ज्यांची चर्चा असते, ती हीच. हा गट एकूण १७ मूलद्रव्यांचा आहे. स्वीडनमधील यिटरबी नावाच्या एका लहानशा गावावरून त्यांपैकी यिट्रियम, यिटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम या चौघांची नावे पडली आहेत. आपल्याकडे ही मूलद्रव्ये प्रामुख्याने केरळ, तमिळनाडू, आंध्र व ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत, मोनाझाइट या खनिजात आढळतात. ती वेगळी काढण्यासाठी १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय आपल्या मुंबईतच, प्रभादेवीला आहे.

ज्येष्ठ वाचकांची या मूलद्रव्यांशी ओळख खरे तर जुनीच आहे. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले आणि आशियाई क्रीडास्पर्धा आपण रंगांत पाहिल्या. त्या जाडजूड रंगीत टीव्हीच्या काचेमागे लाल रंग उमटविणारे मूलद्रव्य होते युरोपियम.

रंग बदलण्याच्या तीन किल्ल्या

एखाद्या कणातून नेमका हवा तो रंग कसा काढायचा? शास्त्रज्ञांकडे त्यासाठी मुख्यतः तीन किल्ल्या आहेत.

पहिली किल्ली म्हणजे मूलद्रव्याची निवड. युरोपियम तांबडा रंग देते, टर्बियम हिरवा, थुलियम निळा; डिस्प्रोशियम निळा आणि पिवळा असे दोन्ही रंग एकदम देते. यांचे रंग फारसे बदलत नाहीत. त्याचे कारण जुन्या वाड्याच्या दाखल्याने समजेल. रस्त्यावर कितीही गोंगाट असला तरी माजघरात तो पोहोचत नाही. या अणूंमध्ये प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन असेच माजघरात असतात. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या भिंती त्यांना शेजाऱ्यांपासून सुरक्षित ठेवतात. म्हणून कण मोठा असो वा सूक्ष्म, टर्बियम आपला हिरवा रंग सोडत नाही.

दुसरी किल्ली म्हणजे शेजार. काही अणूंचे इलेक्ट्रॉन प्रकाश शोषताना माजघर सोडून ओसरीवर येतात. सिरियमचे तसे होते. युरोपियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन अधिक राखून ठेवला, तर त्याचेही तसेच होते. मग आजूबाजूला कोणते अणू आहेत आणि ते किती जवळ आहेत, यावर रंग ठरतो. आपल्या देवघरातच याच्याशी मिळताजुळता दाखला आहे. पिवळ्या हळदीला चुन्याचा संस्कार झाला की तीच लाल होते आणि तिचे कुंकू बनते. हळद तीच, सोबत बदलली. युरोपियमचे हे दुसरे रूप एका सांगाड्यात निळे, दुसऱ्यात हिरवे आणि तिसऱ्यात लाल दिसते. त्याचप्रमाणे बल्बच्या पिवळ्या भुकटीत यिट्रियमच्या काही अणूंऐवजी गॅडोलिनियम घातले की पिवळा रंग तांबूसपणाकडे सरकतो. ॲल्युमिनियमऐवजी थोडे गॅलियम घातले की तो हिरवटपणाकडे जातो.

तिसरी किल्ली म्हणजे प्रमाण. एकाच कणात टर्बियम आणि युरोपियम दोन्ही ठेवले, तर टर्बियम आपली ऊर्जा युरोपियमला देऊ लागते. दोघांचे प्रमाण बदलत गेले की हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग क्रमाने मिळतात. परंतु येथेही आमटीतील मिठाचा नियम लागू आहे. प्रकाश देणारे अणू प्रमाणाबाहेर वाढले की ते ऊर्जा एकमेकांतच फिरवीत बसतात आणि तेज वाढण्याऐवजी मंदावते.

दुकानात आपल्याला दिसणारे ‘कूल डे लाइट’ आणि ‘वॉर्म व्हाइट’ हे दोन बल्ब याच किल्ल्यांनी घडतात. दोहोंमधील निळी चकती सारखीच असू शकते. पहिल्यात पिवळी भुकटी बेताची असल्याने निळा रंग अधिक बाहेर येतो. दुसऱ्यात भुकटी अधिक असते आणि तिच्या जोडीला लाल रंग देणारी दुसरी भुकटी मिसळलेली असते, बहुधा युरोपियमची.

तुर्भे, नागपूर आणि क्ष-किरणांची खोली

हे विज्ञान दूरदेशीचे नाही. क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञांच्या छातीवर एक लहानसा चौकोनी बिल्ला आपण पाहिला असेल. त्याच्या आत पांढऱ्या चकत्या असतात. कॅल्शियम सल्फेटमध्ये किंचित डिस्प्रोशियम मिसळलेली भुकटी टेफ्लॉनमध्ये बसवून त्या तयार केल्या जातात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला हा बिल्ला १९७०च्या दशकापासून देशभर वापरात आहे. अंगावर पडलेल्या किरणांची ऊर्जा चकत्या साठवून ठेवतात. ठरावीक काळाने त्या तापवल्या की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजला की तंत्रज्ञाला किती किरणोत्सर्ग मिळाला, याचा हिशेब लागतो. हजारो कामगारांची सुरक्षितता अशा मंद तेजावर अवलंबून आहे.

रुग्णांनाही या रंगांचा थेट लाभ झाला आहे. क्ष-किरणांनी फिल्म फारशी काळी होत नाही. म्हणून फिल्मच्या कॅसेटमध्ये किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणारे पडदे बसवीत. हे पडदे अनेक दशके कॅल्शियम टंगस्टेटचे असत आणि निळा प्रकाश देत. १९७०च्या दशकात टर्बियम मिसळलेल्या गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचे पडदे आले. त्यांचा प्रकाश हिरवा. म्हणून हिरव्या रंगाला संवेदनशील अशी फिल्मही त्यांच्या जोडीला वापरावी लागे. पडदा आणि फिल्म यांचे रंग जुळले, म्हणजे पूर्वीच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी किरणांत तेच चित्र मिळू लागले. विद्यार्थिदशेत ‘हिरवी फिल्म, हिरवा पडदा’ ही जोडी मी पाठ केली होती. तिच्यामागचे मर्म मात्र फार उशिरा कळले. प्रकाश नुसता भरपूर असून भागत नाही. ज्याच्यावर तो पडतो, त्याला मानवणारा त्याचा रंग असावा लागतो.

दिव्यांच्या भुकट्यांवरही महाराष्ट्रात काम झाले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. संजय ढोबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलईडीसाठी उपयुक्त अशा विरल मृदा फॉस्फरांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

आता पुढची पायरी: नॅनोकण

आपल्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. याच भुकट्या आता काही दहा नॅनोमीटर आकारात, म्हणजे केसाच्या जाडीवर हजारो कण ओळीने मावतील इतक्या सूक्ष्म रूपात बनविता येतात. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. नॅनोकणांचा आणखी एक प्रसिद्ध प्रकार आहे, क्वांटम बिंदू. त्यांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. त्यांचा रंग कणाच्या आकारावर ठरतो. विरल मृदा कणांचा रंग मात्र वर सांगितलेल्या किल्ल्यांवरच ठरतो. आकाराचा परिणाम मुख्यतः तेजावर होतो. कण फार लहान झाला की पृष्ठभागावर ऊर्जा वाया जाते. म्हणून त्याच्यावर दुसऱ्या पदार्थाचे कवच चढवितात.

या कणांपैकी काहींचे वागणे चमत्कारिक आहे. बहुतेक फॉस्फर अधिक ऊर्जेचा निळा प्रकाश घेऊन कमी ऊर्जेचा पिवळा किंवा लाल देतात. सोडियम यिट्रियम फ्लोराइडच्या नॅनोकणांत यिटर्बियम आणि अर्बियम घातले, तर ते डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण घेऊन हिरवा व लाल प्रकाश देतात. कमी ऊर्जेचे दोन घास एकत्र करून एक मोठा घास देण्याचाच हा प्रकार. अर्बियमऐवजी थुलियम घातले की निळा रंग मिळतो. यिटर्बियमचे प्रमाण वाढविले की हिरवा मागे पडून लाल पुढे येतो.

वैद्यकाला याचा उपयोग काय? अंधारात टॉर्चवर तळहात धरावा. बोटांतून केवळ तांबडा उजेड पार येतो. निळा व हिरवा प्रकाश रक्त आणि मांस अडवून धरतात. लाल आणि अवरक्त प्रकाश मात्र बराच खोल जातो. म्हणून शरीरातील ऊतींचे चित्रण करण्यासाठी संशोधक असे कण अजमावत आहेत. दुसरा उपयोग तपासणीच्या पट्ट्यांचा. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेली रॅपिड टेस्टची पट्टी आपल्याला आठवत असेल. तिच्यावरील रेघ डोळ्यांनी वाचायची असते. तेथे हे नॅनोकण वापरले, तर रक्ताचा स्वतःचा मंद उजेड आड येत नाही आणि उपकरण अत्यल्प द्रव्यही मोजू शकते. नेदरलँड्समधील लायडेन येथील संशोधकांनी कुष्ठरोगाच्या संसर्गासाठी अशा पट्ट्या विकसित करून बांगलादेशासह काही देशांत त्यांची चाचणी घेतली आहे.

मात्र हे सारे अद्याप संशोधनाच्या आणि चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. दृष्टी सुधारणारा, गुडघे बरे करणारा किंवा कर्करोग पळवून लावणारा ‘नॅनो प्रकाश’ कोणी दारावर येऊन विकू लागला, तर त्यास नम्रपणे नकार द्यावा.

साठीनंतरचा डोळा

आता आपल्या घरी परत येऊ. वाढत्या वयात डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि बाहुली लहान राहते. परिणामी, वीस वर्षांच्या तरुणाच्या तुलनेत साठ वर्षांच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलावर सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावण्यास अधिक वेळ लागतो. समोरून येणारी तिरीपही अधिक बोचते. म्हणून ज्येष्ठांना वाचायला, औषध ओळखायला आणि पायरी उतरायला अधिक उजेड हवा, हे त्या मुलाचे म्हणणे अगदी योग्य होते.

परंतु डोळ्याचे काम पाहण्यापुरते नाही. दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत की, त्या मेंदूतील घड्याळाला दिवस आहे की रात्र, हे कळवितात. त्या सर्वांत जास्त दाद देतात ती सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला, म्हणजे निरभ्र आकाशाच्या रंगाला. असा प्रकाश डोळ्यांत जाऊ लागला की झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन कमी स्रवते. सकाळी हे हवेच असते. रात्री नऊ वाजता मात्र त्याच पेशींना दुपार झाल्याचा निरोप जातो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने निरोगी प्रौढांसाठी जी शिफारस केली, तिचे सार हेच आहे: दिवसा भरपूर उजेड, झोपेपूर्वी किमान तीन तास मंद उजेड आणि झोपताना शक्य तितका काळोख.

यात प्रमाणही सांगितले पाहिजे. दिव्याच्या रंगाइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्याची प्रखरता महत्त्वाची आहे. डोळ्यांवर रोखलेला प्रखर पिवळा दिवा मंद पांढऱ्या दिव्यापेक्षा झोपेला अधिक बाधक ठरू शकतो. शिवाय मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर पिवळे भिंग जाऊन पारदर्शक भिंग येते; तेव्हा निळा प्रकाश पुन्हा भरपूर आत जातो. ‘सगळे निळसर दिसते’ असे अनेक रुग्ण सुरुवातीला सांगतात. त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

घरात काय करावे?

१. बल्बच्या खोक्यावर ‘के’ या अक्षराआधी छापलेला आकडा वाचावा. ६५०० असेल तर प्रकाश निळसर पांढरा, ४००० असेल तर मध्यम, २७०० ते ३००० असेल तर पिवळसर. स्वयंपाकघरात आणि दिवसा वाचनाच्या जागी पहिले दोन चालतील. शयनगृहात आणि संध्याकाळनंतर बसण्याच्या खोलीत पिवळसर दिवा लावावा. वॅट कमी-जास्त केल्याने हा रंग बदलत नाही, हे ध्यानात घ्यावे.

२. संध्याकाळी वाचायचे असेल तर संपूर्ण खोली उजळण्याऐवजी मागून किंवा बाजूने पुस्तकावर पडणारा पिवळसर टेबललॅम्प वापरावा. दिवा डोळ्यांसमोर उघडा नसावा.

३. अंथरुणापासून बाथरूमपर्यंत गुडघ्याच्या खाली, भिंतीलगत मंद पिवळे किंवा तांबूस दिवे लावावेत. माणूस चालू लागताच आपोआप लागणारे दिवे हल्ली सहज मिळतात. आपल्या घरांतला निळा झिरोचा बल्ब डोळ्यांना शांत वाटतो. पण रात्रीसाठी रंग निवडायचाच असेल तर तांबडा किंवा पिवळा बरा.

४. सकाळी नाश्त्यापूर्वी किंवा नंतर अर्धा तास सोसायटीच्या आवारात, उद्यानात, निदान गॅलरीत बसावे. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातील दिव्यांच्या कितीतरी पट असतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तर दिवसाचा हा उजेड विशेष मोलाचा आहे. त्यांच्यापैकी अनेक जण संध्याकाळी अस्वस्थ होतात आणि दिवस-रात्रीचा क्रम टिकणे त्यांना उपयोगी पडते.

५. रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी एक सूचना. मधुमेही रुग्णाचे तळपाय, पाठीवरील शय्याव्रण, जखमेभोवतीची लाली हे सारे शक्यतो दिवसाच्या उजेडात पाहावे. ज्या एलईडीत लाल भुकटी अपुरी असते, तिच्या उजेडात लाली फिकी दिसते आणि धोक्याची खूण नजरेतून निसटते. उलट पिवळ्या दिव्यात काविळीचे पिवळेपण लपते. दिव्यानेच पाहायचे असेल तर खोक्यावर ‘सीआरआय’ ९० किंवा अधिक लिहिलेला दिवा घ्यावा. रंग खरे दाखविण्याची ती मोजणी आहे.

६. निळा प्रकाश अडविणाऱ्या महागड्या चष्म्यांवर खर्च करण्याची घाई करू नये. उपलब्ध चाचण्यांचा २०२३ मध्ये जो कॉक्रेन आढावा प्रसिद्ध झाला, त्यात संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा ताण या भिंगांनी कमी होतो, असे दिसले नाही. संध्याकाळी दिवा बदलणे अधिक स्वस्त आहे.

७. झोपेची गोळी चालू असेल तर हा लेख वाचून ती एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांशी बोलून टप्प्याटप्प्याने कमी करावी. रात्री वारंवार लघवी होणे, उभे राहताना चक्कर येणे, दृष्टी मंदावणे यांची तपासणी दिवे बदलल्यावरही करून घ्यावीच.

‘रेडियम’ नव्हे, युरोपियम

अखेर एका स्वस्त आणि उपयुक्त वस्तूविषयी. अंधारात हिरवट चमकणाऱ्या पट्ट्यांना आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. त्यामुळे एका आजींनी मला काळजीने विचारले होते, ‘‘डॉक्टर, रेडियमनं कॅन्सर होतो ना? मग सुनेनं जिन्याला लावलंय ते काढून टाकू का?’’ त्यांची शंका निराधार नव्हती. फार जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर खरोखरच रेडियम असे. अशी घड्याळे घरात असतील तर ती उघडू वा खरवडू नयेत. आजच्या पट्ट्यांत मात्र रेडियम नसते. १९९०च्या दशकात जपानी संशोधकांनी स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये युरोपियम व डिस्प्रोशियम मिसळून एक भुकटी तयार केली. ती दिवसाचा किंवा दिव्याचा उजेड साठवते आणि दिवा मालवल्यावर कित्येक तास हिरवा प्रकाश देत राहते. ती किरणोत्सर्गी नाही. येथेही सांगाडा बदलला की रंग बदलतो. स्ट्रॉन्शियम व ॲल्युमिनियमचे प्रमाण बदलले की निळसर हिरवा मिळतो. हिरव्याची निवड करण्यामागे एक शहाणपण आहे: अंधाराला सरावलेला डोळा सर्वांत सहज टिपतो तो सुमारे ५०० नॅनोमीटरचा, हिरव्याच्या आसपासचा प्रकाश. आणि हे तेज इतके मंद असते की झोपेला त्याची बाधा होत नाही.

पट्टी घेताना एक काळजी घ्यावी. वाहनांवर लावतात ती ‘रेडियम’ पट्टी नुसता पडलेला उजेड परतवते. काळोखात ती चमकत नाही. दुकानात हाताच्या ओंजळीत झाकून पाहावे. आतून हिरवे तेज दिसले तरच घ्यावी. जिन्याच्या कडा, बाथरूमचा उंबरा, विजेचा बोर्ड, काठीची मूठ, पाण्याचा तांब्या ठेवण्याची जागा, एवढ्या ठिकाणी ती लावली की वीज गेली तरी वाट चुकत नाही.

त्या आजोबांच्या घरी आम्ही हेच केले. मुलाने बैठकीच्या खोलीतील दोन दिवे बदलले, बाथरूमच्या वाटेवर तीन लहान दिवे लावले आणि उंबऱ्याला पट्टी चिकटवली. गोळी मी तीन आठवड्यांत बंद केली. संध्याकाळी पाणी पिण्याची वेळ अलीकडे आणली. आजोबांना तरुणपणीची झोप परत मिळाली, असे मी म्हणणार नाही. ते अजूनही रात्री एकदा उठतात. पण आता अकराच्या आधी त्यांचा डोळा लागतो, आणि उठल्यावर भिंत चाचपडावी लागत नाही. आजी मला म्हणाल्या, ‘‘आता मीच मधे उठून बघते, तर हे आपले नीट चालत येत असतात.’’

माझ्या केसपेपरवर आता झोपेच्या तक्रारीखाली एक ओळ वाढली आहे: ‘घरातील दिवे?’ आपणही आज संध्याकाळी आपल्या आईवडिलांच्या खोलीत पाच मिनिटे बसून पाहावे. त्यांच्या खाटेवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. उजेड कोठे बोचतो आणि काळोख कोठे साचतो, ते तेथूनच दिसते.